सशर्त मजकूर आणि पाठचिकित्सा : संगणकीय अक्षरजुळणीतील दोषांचा एक विचार

बीजसंज्ञा : सशर्त मजकूर, पाठचिकित्सा, लोप, प्रक्षेप, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या एखाद्या विभागाने तयार केलेली प्रात्यक्षिक पुस्तिका हा समीक्षेचा विषय होऊ शकतो, असे सहसा कोणास वाटत नाही. ती छापली जाते, वापरली जाते आणि अभ्यासक्रम बदलला की रद्दीत जाते. परंतु संहितेचा प्रश्न जेथे निर्माण होतो तेथे समीक्षेस प्रवेश असतोच. आणि अशा पुस्तिका हल्ली ज्या पद्धतीने सिद्ध होतात तिने संहितेचा प्रश्न मोठ्या चमत्कारिक रूपात आपल्यापुढे उभा केला आहे. एकाच फाइलमधून विद्यार्थ्यांची एक, शिक्षकांची दुसरी, मराठी माध्यमाची तिसरी अशा प्रती काढण्याची जी सोय डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, तिला ‘कंडिशनल टेक्स्ट’ असे नाव आहे. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी ‘सशर्त मजकूर’ ही संज्ञा योजिली आहे. ही सोय बिघडते तेव्हा नेमके काय बिघडते, आणि त्या बिघाडाचा शोध सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेच्या आधारे घ्यावा की पाठचिकित्सेच्या, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखक मराठीचा अध्यापक आहे, संगणकतज्ज्ञ नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. या विषयाकडे तो वळला तो एका चुकीमुळे, आणि त्या चुकीत त्याचा स्वतःचा वाटा होता. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने प्रथम वर्षासाठी नऊ प्रकरणांची प्रात्यक्षिक पुस्तिका तयार केली. शिक्षक व विद्यार्थी, मराठी व इंग्रजी अशा चार प्रती एकाच मजकुरातून निघणार होत्या. भाषासंपादन व मुद्रितशोधन लेखकाकडे होते. विद्यार्थ्यांच्या मराठी प्रतीची मुद्रिते आली. ती दोनदा वाचून, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या करून परत धाडली. पुस्तिका छापून आल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेतील परिचराने विभागप्रमुखांना विचारले, “यंदा ते वाक्य काढून टाकलंय का?” ते वाक्य असे होते : आम्ल सावकाश पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कदापि ओतू नये. संहत सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतले तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते जागच्या जागी उकळते आणि आम्ल उसळून तोंडावर, हातावर येते, हे त्या परिचरास वीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होते. पुस्तिकेच्या फाइलमध्येही ते वाक्य होते. विद्यार्थ्याच्या हातातील कागदावर मात्र ते नव्हते.

त्याच पुस्तिकेच्या पाचव्या प्रकरणात उलट प्रकार घडला होता. शिक्षकांसाठी लिहिलेली प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्यांच्या प्रतींत प्रश्नांखालीच छापून आली होती. पहिली चूक लोपाची, दुसरी प्रक्षेपाची. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास या दोन्ही संज्ञा परिचित आहेत, आणि या लेखातील विवेचन त्यांच्याच आधाराने केले आहे.

सोयीचे स्वरूप

मराठी डीटीपीचा मोठा कालखंड पेजमेकरवर गेला. ऑल्डस या कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलेले हे सॉफ्टवेअर पुढे अ‍ॅडोबीकडे गेले आणि २००१ च्या ७.० या आवृत्तीनंतर त्याचा विकास थांबला. त्यात सशर्त मजकुराची सोय नव्हती. दोन प्रती हव्या असतील तर दोन फाइली करावयाच्या, हा शिरस्ता होता. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल सरांची दुरुस्ती’ अशा नावांच्या फाइली ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांस त्या पद्धतीचे दोष सांगावयास नकोत. मात्र तिच्यात एक गुण होता. प्रती जितक्या, तितक्या फाइली दिसत; त्यामुळे आपण किती ग्रंथ छापत आहोत याचा विसर पडत नसे.

तांत्रिक दस्तऐवजांच्या जगात ही सोय फार पूर्वी आली. १९८६ मध्ये फ्रेम टेक्नॉलॉजीने काढलेले आणि १९९५ मध्ये अ‍ॅडोबीने घेतलेले फ्रेममेकर हे यंत्रांच्या जाडजूड माहितीपुस्तिकांसाठी प्रसिद्ध झाले, त्याचे एक कारण सशर्त मजकूर हे होते. एका यंत्राचे दोन नमुने असतील तर नव्वद टक्के मजकूर समान ठेवून उरलेला अटीने बांधावयाचा. सामान्य प्रकाशनव्यवहारात ही सोय रुळली ती २००८ मध्ये, इनडिझाइनच्या सीएस४ या आवृत्तीत ती आल्यावर. तिची रीत सोपी आहे. ‘शिक्षक’ या नावाची अट निर्माण करावयाची, मजकुराचा हवा तो भाग निवडून त्यास ती लावावयाची, आणि अटीपुढील डोळ्याची खूण चालू वा बंद करावयाची. बंद केली की तो भाग पानावरून नाहीसा होतो व पुढचा मजकूर वर सरकतो. जेथे मजकूर लपला आहे तेथे एक बारीकशी खूण उरते; तीही अदृश्य चिन्हे दाखविण्याची आज्ञा दिली तरच दिसते.

माहितीपुस्तिका या सोयीचे वर्णन वेळ व श्रम वाचविणारे साधन असे करतात. ते खरेही आहे. परंतु या साधनाच्या पोटात संहितेविषयीची एक भूमिका दडलेली आहे, तिचा उल्लेख कोठेच नसतो. संहिता म्हणजे एक स्थिर खोड आणि त्यावर काढता-घालता येणाऱ्या फांद्या, अशी ती भूमिका आहे. फांदी काढली तरी खोडास काही होत नाही, हे तिचे गृहीतक. पुढे जे दोष पाहावयाचे आहेत ते बहुतेक या गृहीतकाचेच दोष आहेत.

लोप

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी एकदा तरी उघडली आहे, त्यांस तिच्या पानाची रचना आठवत असेल. वर निश्चित केलेली संहिता, खाली लहान टाइपात पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदापुढे तो ज्या पोथीत मिळतो तिचे सांकेतिक अक्षर. वि. स. सुकथनकर यांनी १९२५ मध्ये प्रमुख संपादकपद स्वीकारल्यानंतर या पद्धतीस जी शिस्त लावली तिचा एक विशेष असा की, संपादकास जो पाठ पुरेसा निश्चित वाटला नाही त्याखाली नागमोडी रेषा छापलेली असते. म्हणजे संपादक आपली शंकाही वाचकाच्या स्वाधीन करतो.

इनडिझाइनमध्येही सशर्त मजकुराखाली नागमोडी रंगीत रेषा दाखविता येते. हे साम्य केवळ योगायोगाचे असले तरी त्यातील भेद बोधप्रद आहे. तेथील रेषा वाचकासाठी छापलेली. येथील रेषा केवळ डीटीपी करणाऱ्यासाठी, आणि छपाईपूर्वी ती जावी अशी अपेक्षा. (ती जात नाही तेव्हा त्यास बिघाड समजतात. दर्शकाची आज्ञा ‘दाखवा व छापा’ अशी राहून गेली की संबंध पुस्तिका हिरव्या-लाल रेषांनी नटून येते. हा दोष सर्वांत ठळक, म्हणूनच सर्वांत निरुपद्रवी.)

आम्लाचे वाक्य कसे लोपले? त्याच्या मागे शिक्षकांसाठी तीन वाक्यांची सूचना होती. तिला ‘शिक्षक’ ही अट लावताना निवड एका वाक्याने पुढे गेली. त्या वेळी पडद्यावर सर्व अटी चालू असल्याने काहीच नाहीसे झाले नाही. पुढे विद्यार्थ्यांची प्रत काढताना अट बंद केली, तेव्हा सूचनेबरोबर ते वाक्यही गेले. उरलेला मजकूर असा होता : ऊर्ध्वपातित पाणी मोजून घ्यावे, संहत आम्ल मोजून घ्यावे, मिश्रण थंड झाल्यावर पुढील कृती करावी. व्याकरण निर्दोष, क्रम स्वाभाविक, विरामचिन्हे जागच्या जागी. मुद्रितशोधकाने ते दोनदा वाचले आणि त्यास काहीही खटकले नाही.

लोपाचे लक्षणच हे आहे. प्रक्षिप्त वाक्य आगंतुकाप्रमाणे डोळ्यांत भरते. गेलेले वाक्य आपली जागा रिकामी ठेवीत नाही. केवळ एक पोथी पुढ्यात असेल तर तिच्यातील लोप कितीही बारकाईने वाचून कळत नाही, दुसरी पोथी शेजारी ठेवावी लागते, हा पाठचिकित्सेचा अगदी प्राथमिक धडा आहे. एम. ए.च्या वर्गात तो अनेक वर्षे शिकविणाऱ्या लेखकास आपल्या समोरची मुद्रिते ही चार पोथ्यांपैकी एक आहे, हे सुचले नाही. परिचरास मात्र ते कळले, कारण त्याच्याजवळ दुसरी पोथी होती : मागील वर्षाची पुस्तिका.

लोपाची आणखी काही रूपे आहेत. परिच्छेदाच्या अखेरची खूण अटीत घेतली गेली वा गाळली गेली, यावर बरेच अवलंबून असते. ती बाहेर राहिली तर मजकूर लपल्यावर एक रिकामी ओळ उरते; आधीच्या परिच्छेदाची खूण आत ओढली गेली तर दोन परिच्छेद एकमेकांस चिकटतात आणि शीर्षक मजकुरात विरघळते. सूचीच्या नोंदी लपलेल्या मजकुरात असतील तर त्या सूचीत येत नाहीत. ज्या जागेकडे संदर्भ दिला आहे ती जागाच लपली असेल तर ‘पाहा’ हा शब्द वाचकास कोठेही नेत नाही. लपलेल्या मजकुरास शैली लावता येत नाही. त्यामुळे उघड्या मजकुराचा टाइप मधल्या काळात हाताने बदलला असेल तर पुढच्या वर्षी तो भाग उघडताच जुन्या टाइपात प्रकट होतो. या सर्वांचे उपाय माहितीपुस्तिकेत मिळतात व ते बरोबर आहेत. त्यांवर अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही.

प्रक्षेप

पाचव्या प्रकरणातील उत्तरांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे निवडीत काहीच चुकले नव्हते. इतर प्रकरणांत उत्तरे म्हणजे आकडे व सूत्रे होती. ती दोन्ही माध्यमांस समान असल्याने त्यांस ‘शिक्षक’ ही एकच अट होती. पाचव्या प्रकरणात उत्तरे वाक्यांत होती. म्हणून मराठी उत्तरास ‘शिक्षक’ आणि ‘मराठी’ अशा दोन अटी लावल्या, इंग्रजी उत्तरास ‘शिक्षक’ आणि ‘इंग्रजी’. लावणाऱ्याच्या मनात अर्थ स्पष्ट होता : शिक्षकांची प्रत असेल आणि ती मराठी असेल, तर हे उत्तर दिसावे.

सॉफ्टवेअरने त्याचा अर्थ निराळा घेतला. इनडिझाइनमध्ये एका मजकुरावर अनेक अटी असतील आणि त्यांपैकी एक जरी चालू असली तरी तो मजकूर दिसतो. फ्रेममेकरचीही मूळची रीत हीच होती. म्हणजे दोन अटींमधील संबंध ‘आणि’चा नसून ‘किंवा’चा आहे. विद्यार्थ्यांची मराठी प्रत काढताना ‘शिक्षक’ बंद होती, पण ‘मराठी’ चालू होती. तेवढे पुरेसे झाले.

हा दोष सहज भाषेच्या संकेताविरुद्ध आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. आपण एखाद्या वस्तूस दोन विशेषणे लावतो तेव्हा त्यांनी तिची व्याप्ती कमी होते. ‘निळे जुने पुस्तक’ म्हणजे निळेही आणि जुनेही. येथे मात्र विशेषण वाढले की व्याप्ती वाढते. डीटीपी करणाऱ्याने विशेषण लावले होते. यंत्राने ते परवानापत्र समजले. अशा वेळी ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा मारून मोकळे होण्याची आपली सवय न्याय्य नाही. सोयीच्या रचनाकारांनी हा संबंध निवडला. तो पडद्यावर कोठेही लिहिलेला नसतो आणि तो बदलण्याची मुभा इनडिझाइनच्या त्या सोयीत ठेवलेली नाही. फ्रेममेकरने २००७ च्या आठव्या आवृत्तीत ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांची राशी मांडण्याची सोय केली, ही सुधारणा म्हणजे आधीच्या रचनेवरील टीकाच होय.

जेथे अशी राशी मांडता येत नाही तेथे जोडनावाची एकच अट करणे, उदाहरणार्थ ‘शिक्षक-मराठी’, हा उपाय सांगितला जातो. तो चालतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. दोन वाचकवर्ग आणि दोन माध्यमे यांच्या चार जोड्या होतात. त्यात जुना व नवा अभ्यासक्रम असा भेद आला की आठ. आणि प्रत्येकी दोन पर्यायांचे पाच भेद झाले की बत्तीस. बत्तीस पुस्तके कोणी वाचणार नाही. येथे प्रश्न सॉफ्टवेअरचा उरत नाही, प्रकाशनाच्या प्रामाणिकपणाचा होतो. आपण चार पुस्तके छापतो आणि एका पुस्तकाचे मुद्रितशोधन करवितो. वेळापत्रकात वाचनासाठी ठेवलेले दिवस एका प्रतीचे असतात, मोबदलाही एकाच प्रतीचा. उरलेल्या तीन प्रती कोणीही न वाचता विद्यार्थ्यांच्या हाती जातात. पेजमेकरच्या काळात चार फाइली चार जणांपुढे पडत. सोय वाढली तशी ही लज्जा कमी झाली.

प्रकरणे स्वतंत्र फाइलींत असतील तर आणखी एक वाट उघडी राहते. प्रत्येक फाइलमधील अटींची चालू-बंद स्थिती त्या त्या फाइलची असते. नऊपैकी आठ फाइलींत ‘शिक्षक’ बंद आणि एकीत चालू, असे सहज घडू शकते. अटींच्या नावांतील शुद्धलेखन हाही येथे तांत्रिक प्रश्न ठरतो. एका फाइलमध्ये ‘विद्यार्थी’ आणि दुसऱ्या फाइलमधून चिकटविलेल्या मजकुराबरोबर आलेली ‘विद्यार्थि’ या यंत्राच्या दृष्टीने दोन भिन्न अटी आहेत. एक बंद केल्याने दुसरी बंद होत नाही. ऱ्हस्वदीर्घाचा इतका रोकडा परिणाम लेखकाने वर्गातही कधी दाखविला नव्हता.

मराठीची विशेष अडचण

सशर्त मजकुराची कल्पना इंग्रजीच्या वाक्यरचनेवर बेतलेली आहे. त्या भाषेत एका नामाच्या जागी दुसरे ठेवले तरी उर्वरित वाक्य बहुधा तसेच राहते. म्हणून शब्दापुरती अट लावण्याची सवय तेथे निभावते. मराठीत ती निभावत नाही. ‘परीक्षानळी स्वच्छ धुवून घ्यावी’ या वाक्यात नळीच्या जागी चंचुपात्र आणले की क्रियापद ‘घ्यावे’ झाले पाहिजे. विशेषण, सर्वनाम, क्रियापद ही सारी नामाच्या लिंगवचनाशी बांधलेली. त्यात सामान्यरूप आणि प्रत्यय यांची भर. ‘शिक्षक’ आणि ‘विद्यार्थिनी’ यांपैकी एक नाम अटीत टाकून ‘ने’ हा प्रत्यय बाहेर ठेवला, तर ‘शिक्षकने’ असे रूप छापून येते. प्रत पाहणाऱ्यास ते मुद्रणदोष वाटते आणि तो ‘का’ घालतो. मग दुसऱ्या प्रतीत ‘विद्यार्थिनीकाने’ अवतरते! एका प्रतीतील दुरुस्ती ही दुसऱ्या प्रतीतील चूक होण्याचा हा प्रकार पुस्तिकेत दोन ठिकाणी प्रत्यक्ष आढळला.

जुन्या, यूनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित मजकूर असेल तर अडचण शब्दाच्या आतपर्यंत जाते. त्या फाँटांत अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठविलेली असल्याने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी असते. निवड एका चिन्हाने चुकली की शब्द लपतो आणि वेलांटी एकटी मागे राहते. यूनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर साठविली जाते, आणि २०१२ च्या सीएस६ पासून इनडिझाइनमध्ये देवनागरीची जुळणी नीट होऊ लागली, तेव्हा हा त्रास बराच कमी झाला. तरीही महाविद्यालयांतील जुना साठा त्या फाँटांतच आहे, आणि तोच पुन्हापुन्हा चिकटविला जातो.

यावरून एक नियम निघतो, आणि तो लेखकाच्या मते अपवादरहित आहे : मराठीत अट पूर्ण वाक्यास लावावी, शब्दास कदापि नाही. शक्य तेथे ती संबंध परिच्छेदास लावावी व परिच्छेदाची खूण अटीच्या आत घ्यावी. पुनरुक्ती होते, फाइल मोठी होते. होऊ द्यावी.

अट कोणास लावली जाते?

दोषशोधनाच्या ओघात लक्षात आलेली एक गोष्ट तांत्रिक नाही, परंतु समीक्षेच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या मजकुरास कोणतीच अट नसते तो प्रत्येक प्रतीत येतो. तोच खोड. मग खोड म्हणून कशास गृहीत धरले गेले, हे पाहिले पाहिजे. आमच्या पुस्तिकेत मराठीतील प्रत्येक अक्षरास ‘मराठी’ ही अट होती. इंग्रजी परिच्छेदांस ‘इंग्रजी’ ही अट होती. पण आकृत्यांखालील ओळी, तक्त्यांची शीर्षके, उपकरणांची यादी यांस काहीच अट नव्हती आणि ती इंग्रजीत होती. परिणामी मराठी प्रतीत इंग्रजी शीर्षके आली. इंग्रजी प्रतीत मराठीचे अक्षरही आले नाही. हे कोणी हेतुतः केले नाही. लिहिणाऱ्यांस इंग्रजी ही भाषा वाटली नाही, मजकूर वाटला; आणि मराठी ही मजकुराची एक अट वाटली.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास मिळणारे पुस्तक अशा रीतीने मूळ पुस्तकातून काही झाकून, काही उघडून तयार होते. अटींची यादी पुढे ठेवून ‘विनाअट काय राहिले आहे?’ असा प्रश्न विचारला तर कोणत्याही संस्थेच्या भाषाविषयक मनोवृत्तीचे दर्शन घडते. यावर उपाय एवढाच की खोड नावाची गोष्टच मानू नये. ज्या मजकुराचा वाचक ठरलेला आहे त्या प्रत्येक मजकुरास अट असावी, आणि विनाअट मजकूर मोजका, जाणूनबुजून ठेवलेला असावा.

या बाबतीत एक्सएमएलवर आधारलेली ‘डिटा’ ही पद्धती, जिला ओएसिस या संस्थेने २००५ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली, अधिक विचारपूर्वक रचलेली आहे. तीत वाचकवर्ग, उत्पादन असे भेद वेगवेगळ्या गुणांत नोंदविले जातात. वाचकवर्गाच्या नोंदीतील सर्व मूल्ये वगळलेली असतील तर दुसऱ्या गुणाने काहीही म्हटले तरी तो भाग गळतो. काय गाळावयाचे त्याची यादी स्वतंत्र फाइलमध्ये असते व ती कोणासही वाचता येते. आमची उत्तरे तेथे निसटली नसती. परंतु ती पद्धती आत्मसात करण्यासाठी लागणारे मनुष्यबळ महाविद्यालयीन विभागापाशी नसते, हेही तितकेच खरे.

दोषशोधनाची रीत

पाठचिकित्सेशी केलेली ही तुलना कोठवर न्यावी, याविषयी एक शंका येथे नोंदविली पाहिजे. पोथ्यांतील पाठभेद हे लेखनिकांच्या हातून, कालौघात झालेले असतात. त्यांमागील एका पाठाकडे जाणे हे संपादकाचे ध्येय असते. सशर्त मजकुरातील भेद हेतुपुरस्सर केलेले व सर्वच अधिकृत आहेत. तेथे शोधावयाची अशी एक मूळ संहिता नाही. म्हणून पाठनिश्चितीचे तंत्र येथे उपयोगी नाही. उपयोगी आहे ते त्याच्या आधीचे, कष्टाचे व अनाकर्षक काम : पोथ्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहणे.

ते असे केले. प्रथम सर्व अटी चालू करून संपूर्ण मजकूर साध्या रूपात काढला. नंतर प्रत्येक प्रतीसाठी अटी लावून चार मजकूर काढले आणि प्रत्येकाची संपूर्ण मजकुराशी तुलना केली. ही तुलना संगणक क्षणात करतो. पण त्याने दाखविलेला प्रत्येक फरक योग्य की अयोग्य हे माणसालाच ठरवावे लागते, आणि ते विषयाच्या शिक्षकाने ठरवावे, भाषेच्या नव्हे. आम्लाचे वाक्य भाषेच्या शिक्षकाने गाळू दिले होते. फरकांची नोंद एका साध्या वहीत केली : प्रकरण, परिच्छेद, कोणत्या प्रतीत आहे, कोणत्यात नाही, का नाही. ‘का नाही’ या रकान्यात ज्या ज्या ठिकाणी उत्तर लिहिता आले नाही ती सर्व ठिकाणे दोषाची निघाली. अशी अकरा ठिकाणे सापडली. नऊ क्षुल्लक होती. दहावे आम्लाचे, आणि अकरावे धुराड्याचा पंखा चालू करण्याविषयीच्या सूचनेचे, जे परिचराच्याही नजरेतून सुटले होते.

सुरक्षिततेच्या सूचनांवर अट लावावयाची नाही, असा ठराव विभागाने नंतर केला. पाचव्या प्रकरणाची पाने पुन्हा छापून घेतली. आणखी एक खबरदारी आवश्यक ठरली : मूळ फाइल विद्यार्थ्यांस वा बाहेरच्या छपाईवाल्यास द्यावयाची नाही. कागदावर वा पीडीएफमध्ये लपलेला मजकूर जात नाही, पण मूळ फाइलमध्ये तो जसाच्या तसा असतो, आणि एका टिचकीने उघडतो.

पुढील वर्षी मराठी व इंग्रजी यांच्या फाइली वेगळ्या केल्या. आता प्रत्येकीत ‘शिक्षक’ ही एकच अट आहे, आणि ती फक्त संपूर्ण परिच्छेदांस लावलेली आहे. पेजमेकरच्या काळातील शिरस्त्याकडे हे अर्धे परत जाणे आहे, आणि त्या शिरस्त्याचा जुना दोषही त्याबरोबर परत आला. तिसऱ्या प्रकरणातील तक्त्यात एका द्रावणाची संहती चुकीची होती. ती इंग्रजी फाइलमध्ये दुरुस्त झाली आणि मराठीत तशीच राहिली. छपाईपूर्वी वही लावून पाहताना ती मिळाली. दोन्ही फाइलींत प्रत्येक दुरुस्ती झाली की नाही, यासाठी वहीत आता एक नवा रकाना आखलेला आहे, आणि त्यात दोन स्वाक्षऱ्या लागतात. त्यांतील एक परिचराची असते.